वखार कोणाची, भाडे कोणाला?

इ.स. १६६१ च्या प्रारंभी छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने राजापूरची इंग्रजांची वखार ताब्यात घेतली आणि तेथील इंग्रज अधिकाऱ्यांना कैद केले. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात याच वखारीतील मंडळी तोफा-दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या छावणीत दाखल झाली होती. व्यापारासाठी आलो म्हणणारा पाहुणा आपल्या अंगणात बसून शत्रूला दारू पुरवतो, हे महाराजांनी पाहिले आणि त्याचे उत्तर वखारीवरच दिले. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले, तेव्हा हा अनुभव त्यांच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. टोपीकरांनी वखारीसाठी जागा मागितली तर ती समुद्रकिनारी वा खाडीशेजारी देऊ नये, वस्तीजवळची सखल जागा द्यावी, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. अमात्यांनी व्यापार बंद करा असे कोठेही म्हटले नाही. जागा कोणाला, कोठे आणि कोणत्या अटींवर द्यायची, एवढाच प्रश्न त्यांनी राज्यकर्त्यांपुढे ठेवला.

तीनशे वर्षांनंतर तोच प्रश्न महाराष्ट्राच्या दारात उभा आहे. आज वखारीला ‘लॉजिस्टिक पार्क’ म्हणतात. तोफा नाहीत, सिद्दी जौहर नाही, आणि इथे येणारी गुंतवणूक कायद्याच्या चौकटीतूनच येते. म्हणून आजच्या प्रत्येक परकीय गुंतवणूकदाराला ईस्ट इंडिया कंपनी ठरवणे हा पोरकटपणा होईल. परंतु जागा कोणाची, तिचे भाडे कोणाला आणि अटी कोण लिहिणार, हे प्रश्न विचारणाऱ्याला ‘विकासविरोधी’ ठरवून गप्प बसवणे, हा त्याहून मोठा पोरकटपणा आहे.

भिवंडी : नाक्याबाहेरचे कोठार

भिवंडीची ओळख एकेकाळी यंत्रमागाची होती. मुंबई-आग्रा महामार्गावरील मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ, सोनाळे या गावांत भातशेती होती, खाडीलगत मिठागरे होती. आज या गावांतून जाताना दोन्ही बाजूंना पत्र्यांच्या छपरांशिवाय दुसरे काही दिसत नाही. हे परिवर्तन कसे घडले, याचे उत्तर करव्यवस्थेत आहे. मुंबईत माल आणला की जकात भरावी लागे. मग माल नाक्याबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा शहरात आणायचा, हा व्यापाऱ्याचा साधा हिशेब. दुसरीकडे केंद्रीय विक्रीकर होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की तो लागे, स्वतःच्याच गोदामात माल हलवला तर लागत नसे. परिणामी प्रत्येक कंपनी प्रत्येक राज्यात एक-दोन गोदामे बाळगून असे. ही गोदामे लहान, अंधारी आणि पुष्कळदा परवानगीविना बांधलेली असत. आग लागली तर बंब आत शिरणार नाही, अशी त्यांची रचना. एप्रिल २०२३ मध्ये वळपाडा येथे गोदाम असलेली इमारत कोसळून अनेकांचा बळी गेला, तेव्हा या बेबंद वाढीची किंमत सर्वांना दिसली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. मुंबईची जकात गेली, केंद्रीय विक्रीकराचे कारणही जवळजवळ संपले. दहा राज्यांतील दहा लहान गोदामांऐवजी मोक्याच्या तीन-चार ठिकाणी प्रचंड वखारी उभारणे कंपन्यांना परवडू लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने लॉजिस्टिक क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. किमान २५ कोटी रुपयांची गुंतवणूक आणि एक लाख चौरस फूट क्षेत्र असलेली वखार आता रस्ते-बंदरांच्या पंगतीला बसली. दीर्घ मुदतीचे, स्वस्त कर्ज मिळण्याचा मार्ग तिला मोकळा झाला. २०२१ मध्ये ‘गतिशक्ती’ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण आले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि त्याचे मुंबईकडील टोक भिवंडीजवळ आमणे येथेच आले. वाढवण बंदराची पायाभरणीही २०२४ मध्ये झाली आहे.

या सर्व गोष्टी राष्ट्राच्या हिताच्या आहेत, यात शंका नाही. बारा मीटर उंचीचे छत, चौरस मीटरला पाच टन भार सोसणारी जमीन, ट्रकच्या पाठीशी थेट जुळणारे धक्के, आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची व्यवस्था, हे सारे जुन्या पत्र्याच्या गाळ्यांपेक्षा सर्वार्थाने चांगले आहे. मालाची नासाडी त्यामुळे थांबेल, कामगाराचा जीव वाचेल. परंतु सुविधा उत्तम आहे, म्हणून तिची मालकी कोणाकडे गेली तरी चालेल, असा तर्क स्वदेशी विचार मानणाऱ्याला मान्य होणार नाही.

टोरांटोच्या निवृत्तांना भाडे

औद्योगिक व लॉजिस्टिक पार्कमध्ये शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला स्वयंचलित मार्गाने मुभा आहे. कॅनडाच्या निवृत्तिवेतन गुंतवणूक मंडळाने २०१७ मध्ये इंडोस्पेस या कंपनीशी भागीदारी करून भारतीय वखारींत पैसा घातला. अमेरिकेच्या ब्लॅकस्टोनने २०२१ मध्ये एम्बसी इंडस्ट्रियल पार्क्स विकत घेतले. सिंगापूर व हाँगकाँगचे निधीही याच क्षेत्रात उतरले आहेत. चाकणसारख्या ठिकाणच्या वखारीचे भाडे अशा रीतीने टोरांटोतील निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमध्ये जमा होते.

त्या शिक्षकाचा यात काही दोष नाही. किंबहुना त्याच्या समाजाचे कौतुक केले पाहिजे. त्यांनी आपली लहान लहान बचत एकत्र केली, ती शहाण्या माणसांच्या हाती दिली आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला तीस वर्षे भाडे देणारी मालमत्ता शोधून काढली. विचार करायचा आहे तो आपण. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची बचत बँकेच्या मुदत ठेवीत आणि सोन्यात अडकलेली. आपल्या भविष्य निर्वाह निधीचा मोठा भाग सरकारी रोख्यांत. सेबीने २०२४ मध्ये छोट्या व मध्यम स्थावर मालमत्ता न्यासांचे नियम केले. ५० कोटी रुपयांच्या मालमत्तेलाही त्यामुळे असा न्यास काढता येतो. पण त्यातील किमान गुंतवणूक दहा लाख रुपयांची! ठाण्यातल्या शिक्षकाने एवढी रक्कम एकाच ठिकाणी कोठून घालायची? परिणाम असा की जमीन आपली, रस्ता आपल्या करांतून बांधलेला, माल आपला, गिऱ्हाईक आपला आणि भाड्याचा धनी मात्र दुसरा.

एका एकराचा हिशेब

भाषणांपेक्षा आकडे अधिक स्पष्ट बोलतात. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रस्ते, ट्रक वळवण्याची जागा, हरितपट्टा सोडून समजा २० हजार चौरस फुटांची वखार उभी राहिली. भाडे चौरस फुटाला महिना २२ रुपये धरू. महिन्याला ४ लाख ४० हजार, वर्षाला ५२ लाख ८० हजार रुपये. यातून बांधकामाचा खर्च, कर्जाचे व्याज, कर, रिकाम्या राहिलेल्या महिन्यांचा तोटा, हे सारे वजा झाले पाहिजे, हे मान्य. समजा जमिनीच्या वाट्याला भाड्याचा फक्त दहावा हिस्सा ठेवला. तरीही वर्षाला ५ लाख २८ हजार रुपये होतात. शिवाय भाडे वर्षाला पाच टक्क्यांनी वाढते, म्हणजे शेतकऱ्याचा वाटाही दरवर्षी वाढेल.

आता प्रत्यक्ष चित्र पाहा. शेतकरी जमीन एकदा विकतो. रक्कम त्याला डोळे दिपवणारी वाटते. घर बांधले जाते, मोटार येते, मुलीचे लग्न थाटात होते, उरलेले भावाभावांत वाटले जाते. दहा वर्षांनी त्याच सातबाऱ्यावर उभ्या राहिलेल्या वखारीच्या फाटकावर त्याचाच मुलगा गणवेश घालून वाहनांची नोंद करत असतो. तोही कंत्राटदाराचा नोकर, वखारीचा नव्हे. ठाणे, रायगड, पुणे या जिल्ह्यांत फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे दृश्य नवीन नाही. आपल्या परंपरेत भूमीला माता म्हटले आहे. मातेचा सौदा एका रकमेत करून पुढच्या पिढीला तिच्याच दारात रखवालदार करणारी व्यवस्था आर्थिक दृष्ट्या ‘कार्यक्षम’ असेल, पण ती हिंदू जीवनदृष्टीशी सुसंगत नाही.

लहान भाडेकरूची कोंडी

हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. वखार भाड्याने घेणाऱ्यांत दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग बहुराष्ट्रीय कंपन्यांचा. त्या दोन-तीन लाख चौरस फूट एकदम घेतात, आपल्याला हवी तशी वखार बांधून मागतात, आणि करार त्यांचे वकील लिहितात. दुसरा वर्ग आहे मसाले, औषधे, प्लास्टिकच्या वस्तू, शेतीची अवजारे तयार करणाऱ्या आपल्या लहान उद्योजकाचा. त्याला दहा हजार चौरस फूट पुरतात. त्याच्यासमोर मात्र छापील करार येतो आणि बोट दाखवले जाते ते सहीच्या जागेवर.

त्याचाही हिशेब मांडू. २२ रुपये दराने दहा हजार चौरस फुटांचे मासिक भाडे २ लाख २० हजार. सामायिक देखभालीचे शुल्क चौरस फुटाला दोन रुपये धरले तर आणखी २० हजार. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ४३,२००. महिन्याला एकूण २ लाख ८३ हजार २०० रुपये. कराची जमा पुढे मिळते हे खरे, पण पैसा आधी खिशातून जातो. एकरकमी योजनेतील व्यापाऱ्याला तर ती जमाही मिळत नाही. सहा महिन्यांची अनामत मागितली तर १३ लाख २० हजार अडकले. भाडे मोजले जाते ते आकारणीयोग्य क्षेत्रावर. त्यात धक्क्यावरचे छत, रखवालदाराची खोली यांचा वाटा धरलेला असतो. म्हणजे दहा हजारांचे भाडे भरणाऱ्याच्या मालाला प्रत्यक्षात नऊ हजार चौरस फूटच मिळाले, असे घडू शकते. दरवर्षी पाच टक्के वाढ असेल तर नवव्या वर्षी दर साडेबत्तीस रुपयांवर जातो. त्याच्या मालाची किंमत त्या गतीने वाढेल, याची हमी कोणी देत नाही.

सर्वांत जाचक कलम ‘लॉक-इन’चे. तीन किंवा पाच वर्षे जागा सोडायची नाही. सोडलीच तर उरलेल्या काळाचे भाडे भरायचे. वरील उदाहरणात तीन वर्षांचे नुसते भाडेच सुमारे ८३ लाख रुपये होते. मंदी आली, मोठा गिऱ्हाईक तुटला, तरी सुटका नाही. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर त्या जागेत त्याला कायद्याने कोणताही हक्क निर्माण होत नाही. तो केवळ अनुज्ञप्तीधारक. भांडवल एक कोटी वा अधिक असलेल्या कंपन्यांना १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही, हे योग्यच आहे. त्या आपले रक्षण करण्यास समर्थ आहेत. पण ज्याचे भांडवल कोटीच्या आत आहे, त्यालाही अनुज्ञप्तीच्या वाटेने उघड्यावर आणले गेले आहे. छापील कराराचा मजकूर इंग्रजीत. मराठी उद्योजकाने तो सही करण्यापूर्वी पूर्ण वाचला तर त्याचे भाग्य!

वखारीच्या आडून बाजारपेठ

येथे आणखी एका पळवाटेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. किरकोळ विक्रीत परकीय भांडवल नको, यासाठी स्वदेशी जागरण मंचाने आणि व्यापारी संघटनांनी दीर्घकाळ लढा दिला. त्यामुळेच ऑनलाइन विक्रीत परकीय कंपन्यांना स्वतःचा माल साठवून विकण्याची परवानगी नाही. विक्रेता आणि ग्राहक यांना जोडणारी ‘बाजारपेठ’ चालवणे, एवढीच मुभा आहे. परंतु मार्च २०१६ च्या नियमांनी याच बाजारपेठ-कंपन्यांना विक्रेत्यांसाठी गोदामे, मालाची हाताळणी आणि वितरण या सेवा पुरवण्याची सवलत दिली. दार बंद केले आणि खिडकी उघडी ठेवली! डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकाने ही खिडकी काहीशी अरुंद केली. ज्या विक्रेत्याची २५ टक्क्यांहून अधिक खरेदी बाजारपेठ-कंपनीच्या गटातील संस्थांकडून होते, त्याचा माल त्या कंपनीच्याच नियंत्रणातला मानला जाईल, असे ठरले. तरीही मूळ गोष्ट तशीच राहिली. माल कोणाच्या वखारीत पडून आहे, हे ज्याला ठाऊक, त्याला कोणती वस्तू किती खपते, कोठे खपते, कोणत्या भावाला खपते, हेही ठाऊक. सोलापूरची चादर किंवा लातूरची डाळ विकणारा विक्रेता स्वतःच्याच व्यवसायाची गुपिते वखारीच्या भाड्याबरोबर देऊन मोकळा होतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तर आपला प्रतिस्पर्धी कोण, हेच दिसत नाही. तो भिवंडीच्या एका छपराखाली बसलेला असतो.

श्रमिकाचे काय?

१९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा हा देशात पथदर्शी मानला गेला. ओझे वाहणाऱ्याला मालक नसला तरी मंडळ असेल, भविष्य निर्वाह निधी असेल, हे तत्त्व त्याने मान्य केले. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांची तपश्चर्या होती. पुढे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, हेही नाकारून चालणार नाही. त्या टोळ्यांनी उद्योजक पळवले आणि खऱ्या हमालाचेही नाव बदनाम केले. त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु खंडणीखोरांचे निमित्त करून हमालाचे संरक्षणच काढून घेणे, हा न्याय नव्हे. आधुनिक वखारीत हमालाला ‘असोसिएट’ म्हणतात. नाव गोंडस झाले, पाठीवरचे ओझे तेवढेच राहिले. सणासुदीच्या दोन महिन्यांसाठी माणसे घ्यायची आणि दिवाळी संपली की घरी पाठवायची, ही तिथली रीत. नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी या छपरांखाली कशी होते, हे पाहण्याचे काम भारतीय मजदूर संघासारख्या राष्ट्रवादी संघटनेलाच करावे लागेल. डाव्या संघटनांना संपाच्या पलीकडे काही सुचत नाही, आणि व्यवस्थापनाला कामगार हा खर्चाच्या रकान्यातला आकडा वाटतो. श्रमिक हा कुटुंबाचा घटक आहे, ही दत्तोपंत ठेंगडी यांची दृष्टी दोघांनाही परकी आहे.

‘खर्च कमी होतो’ म्हणणाऱ्यांना

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. भारतात मालवाहतूक व साठवणुकीचा खर्च फार, म्हणून परकीय भांडवल कोणत्याही अटीवर हवेच. अनेक वर्षे व्यासपीठांवरून सांगितले गेले की हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे. प्रत्यक्षात केंद्र शासनाच्या वाणिज्य मंत्रालयाने राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेकडून पद्धतशीर मोजणी करवून घेतली, तेव्हा २०२३-२४ साठी तो सुमारे ८ टक्के निघाला. म्हणजे आपले व्यापारी, वाहतूकदार, गोदामवाले जेवढे अडाणी समजले जात होते, तेवढे ते नव्हते. न मोजलेल्या आकड्याचा बागुलबुवा उभा करून आपण किती अटी मान्य केल्या, याचा विचार आता तरी व्हावा. सुधारणा हवी, घाबरून केलेली शरणागती नको.

मग पर्याय कोणता?

नुसती टीका करून थांबणे स्वदेशी चळवळीला शोभणारे नाही. पर्याय याच मातीत आहेत. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी स्थापन केली आणि जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल घेतले. शहर त्यांच्या जमिनीवर उभे राहिले आणि ते त्या शहराचे मालक राहिले. त्या आधी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. त्या लढ्यातील गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. दि. बां.ची राजकीय वाट निराळी होती, पण भूमिपुत्राला विकासात वाटा हवा, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के स्वदेशी होते. उरणचा धडा आणखी एक आहे. अनेकांना मिळालेला भूखंडही एकेकट्याने विकला गेला. मगरपट्टा टिकला, कारण तेथे शेतकरी संघटित होते.

साठवणुकीतही असाच मार्ग आहे. केंद्रीय आणि राज्य वखार महामंडळे १९५७ पासून आहेत. २००७ च्या वखार कायद्याने गोदामातील मालाच्या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा दिला. आज ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळते आणि तिच्यावर बँकेचे कर्ज काढता येते. म्हणजे तूर-सोयाबीन कापणीच्या वेळी मातीमोल भावाने विकण्याची सक्ती उरत नाही. मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने सहकारी क्षेत्रात ७०० लाख टन धान्य साठवणुकीची योजना मंजूर केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ राज्यांतील ११ प्राथमिक संस्थांच्या गोदामांचे उद्घाटन झाले. त्यांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईची संस्था आहे. जी सोसायटी कालपर्यंत खताच्या गोण्यांपुरती होती, ती उद्या वखारीची मालक होऊ शकते, हे या योजनेने दाखवले आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या २०२४ च्या लॉजिस्टिक धोरणात दहा हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर सुविधा उभारण्याचा संकल्प आहे. पनवेलजवळ दोन हजार आणि नागपूर-वर्धा पट्ट्यात दीड हजार एकरांची केंद्रे त्यात आहेत. शासनाचा हेतू चांगला आहे. त्याला चांगल्या अटींची जोड हवी. पहिली अट, या क्षेत्रातील जमीन विकत घेण्याऐवजी शेतकऱ्यांच्या कंपनीकडून वा सहकारी संस्थेकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी आणि पट्ट्यात भाडेवाढीचे कलम असावे. विक्री अटळ असेल तेथे मोबदल्याबरोबर भागभांडवल द्यावे. दुसरी अट, प्रत्येक मोठ्या पार्कमधील ठरावीक क्षेत्र लहान उद्योजकांसाठी लहान गाळ्यांत राखून ठेवावे. तिसरी, वीस हजार चौरस फुटांपर्यंतच्या भाडेकरूंसाठी शासनाने मराठीत आदर्श करारनामा प्रसिद्ध करावा. त्यात लॉक-इन एका वर्षाहून अधिक नसावे, भाडे प्रत्यक्ष वापरक्षेत्रावर असावे आणि देखभाल शुल्काचा हिशेब दरवर्षी दाखवणे बंधनकारक असावे. चौथी, बाजारपेठ चालवणाऱ्या परकीय कंपनीला त्याच बाजारातील विक्रेत्यांचा माल स्वतःच्या वखारीत ठेवण्याची सवलत बंद करावी.

सर्व काही शासनाने करावे, ही अपेक्षाही बरोबर नाही. दहा लहान उद्योजकांनी एकत्र येऊन लाख चौरस फूट मागितले, तर त्यांनाही बहुराष्ट्रीय कंपनीसारखा स्वतःचा करार लिहिता येईल. औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी हे काम हाती घ्यावे. ज्या तालुक्यांतून नवे महामार्ग जात आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी दलाल पोहोचण्यापूर्वी गावात पोहोचावे, ग्रामसभेत एका एकराचा हा हिशेब फळ्यावर मांडावा आणि ‘विकू नका, भाड्याने द्या, एकटे देऊ नका, मिळून द्या’ एवढे सांगावे. चार्टर्ड अकाउंटंट, वकील, नगररचनाकार असलेल्या स्वयंसेवकांची बुद्धी येथेच कामी येणार आहे. शनिवार-रविवारचे दोन तास त्यांनी आपल्या मूळ गावाला दिले, तरी पुष्कळ होईल.

महाराजांनी राजापूरची वखार घेतली, तेव्हा त्यांना व्यापार नको होता असे नाही. पुढे याच इंग्रजांचा वकील रायगडावर राज्याभिषेकाला उपस्थित होता आणि व्यापाराचा तहही झाला. फरक एवढाच की तहाच्या अटी या वेळी रायगडावर ठरल्या. भिवंडीच्या छपरांखाली ठेवलेला माल कोणत्याही देशाचा असो, करार मराठीत लिहिला जाईल, अटी येथे ठरतील आणि भाड्याचा वाटा सातबाऱ्यावर ज्याचे नाव होते त्याच्या घरी पोहोचेल, इतपत रायगड आजच्या महाराष्ट्रात शिल्लक आहे का? दहा हजार एकरांचे खरेदीखत नोंदले जाण्यापूर्वी याचे उत्तर द्यावे लागेल.